इसोमुरांच्या पायऱ्यांचं रेलिंग

इसोमुरा-सान माझ्या खुर्चीत बसले की केस कापायच्या आधी माफी मागतात. "पुन्हा त्रास द्यायला आलो हं, मित्सुयो-सान." अहो, पैसे देऊन केस कापून घेताय, यात कसला आलाय त्रास? पण इतकी वर्षं झाली, वाक्य काही बदललेलं नाही. एकदा माझ्या कात्रीचं टोक त्यांच्या कानाला लागलं, चांगलं रक्त आलं, तर म्हणतात कसे, "माझे कानच जरा बाहेर आहेत." अशा माणसावर चिडायचं तरी कसं? मी चिडते, ती गोष्ट वेगळी.

मिनोउराच्या धक्क्यावरून वर चढणाऱ्या रस्त्यावर माझं सलून आहे, आणि बरोबर समोर त्यांच्या घराच्या दगडी पायऱ्या. माझ्या आरशात त्या दिवसभर दिसतात. त्या घरात कोण गेलं, कोण आलं, कोण रुसलं, हे मला कुणी सांगावं लागत नाही. नवरा गेल्यापासून दुकान मी एकटीच बघते. गिऱ्हाईक कमी, आरसा मोठा.

इसोमुरांचं उभं आयुष्य बोटीवर गेलं. समोरच्या बेटावर जाणारी लहानशी बोट होती. तिच्यावर दोर टाकायचा, तिकिटं फाडायची, आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला कमरेतून वाकून "पायाखाली बघून उतरा" म्हणायचं. मग बेटाला पूल झाला. शेवटच्या फेरीला पाच-सहा उतारू होते आणि पेटीत घातलेलं एक मांजर. कुणी हात हलवला नाही की फोटो काढला नाही. हे घरी आले, टोपी खुंटीला लावली, आणि त्यानंतर त्यांची कुणी चौकशीसुद्धा केली नाही. पुढे गावातली शाळा बंद पडली, मासळी सुकवायचा कारखानाही गेला. त्यांची बायको फुकिए त्याच कारखान्यात बारीक मासळी निवडायची, गार फरशीवर गुडघे मोडून. फुकिए माझ्या वर्गातली. तिचे गुडघे तिथेच कामातून गेले.

आणि मग ती ॲनिमे मालिका आली.

आम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं. कुणी तरी चित्रकार गुपचूप येऊन गाव टिपून गेला असणार. एका सकाळी मी दुकानाचं शटर वर करते तर समोर तीन घोड्याएवढे पुरुष, हातात फोन उंच धरलेले, एक डोळा मिटलेला. पाऊल मागे, पाऊल पुढे, जरा डावीकडे. फोनमध्ये मालिकेतलं चित्र होतं, आणि ते समोरच्या पायऱ्यांवर तंतोतंत बसवायचं चाललं होतं. त्या मालिकेतली मुलगी म्हणे रोज सकाळी तिसऱ्या पायरीवर बसते, भिंतीला डोकं टेकते आणि बोटीची वाट बघते. मी पण पाहिली नंतर. निम्मा वेळ कुणी बोलतच नाही त्यात. माझ्या दुकानाचा लाल-निळा फिरता खांब मात्र झकास काढलाय. आत मी नाही. माझ्याऐवजी कुणी टकला म्हातारा न्हावी दाखवलाय. तक्रार करणार होते, पण करायची कुणाकडे?

तिथून लोकांची रीघ लागली. नागोयाहून, अकिताहून, तैवानहून, एकदा तर ब्राझीलहून एक नवरा-बायको. पाहिलेल्या चित्रातली खरी जागा शोधत हिंडायचं, आणि त्याला म्हणायचं तीर्थयात्रा. मला आधी हसू आलं. पण पोरं गुणी. कुजबुजत बोलायची, स्वतःचा कचरा पिशवीत घालून परत न्यायची, कुणाच्या दारासमोर दोन मिनिटांच्या वर थांबायची नाहीत. गावच्या मंडळाने त्या मुलीची पुठ्ठ्याची मूर्ती माझ्या दुकानाबाहेर उभी केली. ती वाऱ्याने दोनदा समुद्रात गेली, तेव्हा मी तिच्या कमरेला तार बांधली.

पहिल्या दिवशी इसोमुरांना वाटलं, लोक तक्रार करायला आलेत. फाटकाबाहेर येऊन स्वतःच वाकले, "घर जुनं आहे हो, माफ करा." समोरचा मुलगा त्यांच्याहून खाली वाकला, इतका की त्याचा चष्मा पडला. "आजोबा, हेच ना ते घर? खरंच इथे कुणी राहतं?"

त्या दुपारी ते दुकानात आले. केस कापण्यासारखे वाढले नव्हते, तरी बसले.

"मित्सुयो-सान, तो नागोयाहून आला होता. माझं घर बघायला. कामावर सुट्टी टाकून."

"तुमचं नाही हो, त्या पोरीचं घर बघायला," मी म्हटलं.

"हो हो, तिचंच," ते म्हणाले, आणि टॉवेलने डोळे पुसले. मला वाटलं, असू दे. ज्याच्यासाठी कधी कुणी थांबलं नाही, त्याच्या दारात जग येऊन उभं राहिलंय. पाघळला म्हातारा.

पण पाघळला तो पाघळलाच. दुधाची डेअरी बंद होऊन किती तरी वर्षं झालेली, पण चित्रात दुधाच्या बाटल्यांची पिवळी पेटी आहे म्हणून ती फाटकावर टांगून ठेवली. टपालपेटीचं झाकण तुटलेलं होतं, ते चित्रातही तुटलेलं, म्हणून दुरुस्त करायचं नाही. पर्सिमनच्या फळझाडाची एक फांदी फाटकावर आली होती, तिला हात लावायचा नाही. फुकिए आधी खूप हसायची. "आमचे हे आता त्या पोरीकडे नोकरीला आहेत," असं मला सांगायची, आणि आलेल्या पोरांना सातूचा गार चहा आणि संत्री द्यायची.

त्या पोरांतली चिसातो तिची लाडकी. अकिताची, विम्याच्या कचेरीत काम करणारी, तिशीची. दर वसंतात यायची आणि फुकिएला आजी म्हणायची. तिकडचं धुरी दिलेल्या मुळ्याचं लोणचं आणायची. दोघी पायरीवर बसून कुरुमकुरुम खायच्या.

पुढे फुकिएचे गुडघे फारच बिघडले. तिला ती पायऱ्यांची चढ-उतर होईना. ज्येष्ठांची सोय बघणारी एक बाई घरी येऊन गेली आणि म्हणाली, भिंतीला रेलिंग लावा, म्हणजे आजी आपल्या घरात आणखी कितीतरी वर्षं सहज काढतील. हिगुची सुतार टेप घेऊन आला, मापं घेतली, भिंतीवर खडूच्या खुणा करून गेला. झालं असतं त्याच आठवड्यात. पण पायऱ्यांच्या एका बाजूला गटार, म्हणजे रेलिंग लागणार दुसऱ्या बाजूच्या भिंतीला. आणि तीच ती भिंत, जिला ती मुलगी डोकं टेकते.

हिगुचीला इसोमुरांनी निरोप दिला: मेच्या सुट्ट्या होऊन जाऊ देत. सुट्ट्यांत लोक लांबून येतात, त्यांचा विरस नको. मे संपला तर पितरांचे दिवस आले, त्यातही गर्दी. मग मालिकेचा नवा भाग येणार असं कुणी तरी म्हणालं. मग नवं वर्ष. आणि एका सकाळी मी आरशात बघते तर हे बादली आणि ब्रश घेऊन त्या खडूच्या खुणा धुतायत. फोटोत येतात म्हणे.

फुकिए वर फाटकात उभी होती. तिने बघितलं, आणि आत गेली.

तो पुढच्या वेळी खुर्चीत बसला तेव्हा मी मनात काही ठेवलं नाही. (बघा, रागात मी अरे-तुरेवर येते.) म्हटलं, "अहो, बोटीवर परक्या माणसांना पायाखाली बघा, पायाखाली बघा म्हणून घसा कोरडा केलात. घरातलं माणूस पायऱ्या कशी उतरतं ते बघा की जरा!"

"खरंय तुमचं, मित्सुयो-सान."

"मग लावा ना ते रेलिंग!"

"लावतो. पण ती माणसं किती लांबून येतात हो. इथे येऊन बघतात आणि चित्रासारखं नाही असं झालं, तर त्यांना मी काय तोंड दाखवू?"

"विचारलंत का त्यांना?"

"छे! असं कसं विचारायचं? त्यांना अवघडल्यासारखं होईल."

"आणि फुकिएला?"

त्यांनी आरशातून पायऱ्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "ती काही म्हणाली नाही."

ती कशी म्हणणार होती? आमच्या गावात बायको नवऱ्याला "मला हे हवंय" असं म्हणत नाही, आणि फुकिए तर मुळीच नाही. ती एवढंच म्हणाली होती की गावातल्या निशिओंच्या घरी रेलिंग लागलंय, थंडीतही हाताला गार लागत नाही म्हणे. मी समोरच होते. हे म्हणाले, "हो का? बरं झालं." विषय संपला. मला वाटलं, चहाचा कप फेकून मारावा.

मग फुकिएने आपली युक्ती काढली. डॉक्टरकडे जायचं असलं की पोरं यायच्या आधी सकाळीच निघायची आणि पायरीवर बसून, हात टेकून, एक-एक पायरी घसरत खाली यायची, लहान मुलं उतरतात तशी. खाली आली की माझ्याकडे बघून स्कर्ट झटकायची आणि हसायची. मला तिचं ते हसू बघवायचं नाही. मी पुढे होऊन हात द्यायचे तर म्हणायची, "अगं, राहू दे, तुझं गिऱ्हाईक बसलंय."

एका थंडीत पायऱ्यांवर दहिवर पडलेलं होतं, ती घसरली. हाड मोडलं नाही, मनगट मुरगळलं एवढंच. पण तिची हिंमत गेली. मुलगी मासुमी हिमेजीहून गाडी घेऊन आली, बापाला एक शब्दही बोलली नाही, आणि महिनाभरासाठी म्हणून आईला घेऊन गेली. मासुमीच्या इमारतीला लिफ्ट आहे, घर एका पातळीत. इसोमुरा रोज फोन करायचे, "थंडी कमी होऊ दे, मग येतेस ना?" तिकडून ती म्हणायची, "हो, कमी होऊ दे." थंडी कमी झाली. पण चढायला-उतरायला काही नाही म्हटल्यावर तिचे पाय चालायचंच विसरले. महिन्याचे दोन झाले, दोनाचे चार, आणि मग मासुमीने चाकाची खुर्ची आणली.

त्या वसंतात चिसातो आली. लोणच्याची पुडी हातात, आणि फाटकाकडे तोंड करून हाक, "आजी!" इसोमुरा बाहेर आले. ती काय झालं म्हणून विचारायला लागली, हे सांगायला लागले, आणि मी हातातलं गिऱ्हाईक अर्धवट सोडून दारात जाऊन उभी राहिले. सांगताना ते तीनदा म्हणाले, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.

चिसातो पायरीवर मटकन बसली. "आजोबा, म्हणजे आमच्यामुळे रेलिंग नाही लावलंत?"

"नाही नाही, तुमच्यामुळे कसं? आमचंच आपलं..."

"आम्ही आजींना बसून उतरताना पाहिलं होतं," ती म्हणाली. "मी पाहिलं, नागोयावाल्या मुलांनी पाहिलं. आमच्यात बोलणं झालं होतं, की आजोबांना सांगू या का? पण वाटलं, दुसऱ्याच्या घरात आपण कोण बोलणारे? तुम्हाला राग येईल. म्हणून सकाळी लवकर यायचंच आम्ही बंद केलं, आजींना लाज वाटू नये म्हणून."

इसोमुरा उभेच.

"आणि आजोबा, चित्र तर आमच्या घरी पण आहे हो. इथे आम्ही जे चित्रात नाही तेच बघायला येतो. आजी चित्रात कुठे होत्या?"

आणि ती रडायला लागली. मी आत आले, कारण मी पण रडायला लागले होते आणि खुर्चीत गिऱ्हाईक अर्ध्या डोक्याने बसलेलं होतं.

काय बाई म्हणायचं या सगळ्यांना! म्हातारा पोरांना जपतोय, पोरं म्हाताऱ्याला जपतायत, फुकिए दोघांना जपतेय. सगळे एकमेकांचं मन राखत बसले आणि कुणीही तोंड उघडून एक प्रश्न विचारला नाही. असली सभ्यता घेऊन काय करायचंय? मला अजून संताप येतो.

दुसऱ्याच दिवशी हिगुची आला. सकाळी सुरू केलं, दुपारी जेवायच्या आत संपलंसुद्धा. गोल लाकडी रेलिंग, हाताला गुळगुळीत. इसोमुरांनी ते रोज पुसायला सुरुवात केली. आणि आलेल्या पोरांनी काय करावं? त्याच्यावर हात ठेवून फोटो काढले. एकालाही चुकल्यासारखं वाटलं नाही.

शरदात पितरांच्या थडग्याला पाणी घालायचे दिवस आले तेव्हा मासुमी आईला घेऊन आली. गाडी पायऱ्यांच्या पायथ्याशी, माझ्या दारातच थांबली. मी धावले. फुकिए मागच्या सीटवर, मांडीवर शाल, चेहरा गोरा झालेला, हात काडीसारखे. मी काच खाली करायला लावली आणि तिचा हात धरून ठेवला. इसोमुरा पायऱ्यांवरून लगबगीने उतरले, आणि लहान पोराने दाखवावं तसं हात करून म्हणाले, "बघ, लावलं. लाकडाचं घेतलं. गार लागत नाही."

फुकिएने मान वाकडी करून वर पाहिलं. पहिल्या पायरीपासून फाटकापर्यंत नजर नेली. पाय तर गाडीतून खाली टेकवायची पण सोय नव्हती. मासुमीने विचारलं, "आई, दोघांनी उचलून नेऊ का वर?" फुकिएने नको म्हणून मान हलवली. "लोकांच्या वाटेत गाडी उभी आहे," म्हणाली.

आणि खरोखरच मागून गावची बस आली. रस्ता एवढासा. ड्रायव्हरने हॉर्नसुद्धा वाजवला नाही, निमूट थांबला. पण इसोमुरांना तेवढं पुरे. ते लगेच गाडीच्या मागे गेले, बससमोर उभे राहिले आणि कमरेतून वाकले. माफ करा, माफ करा, निघतोच आहोत.

तेव्हाच फुकिए बोलली. मोठ्याने नाही, पण स्पष्ट. रेलिंगकडे बघत होती ती.

"मला माझ्या घरी राहायचं होतं हो."

शाळेपासून मी तिला ओळखते. मला हवं होतं, असं तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. आणि ज्याला ऐकवायचं तो पाठ करून परक्या ड्रायव्हरपुढे वाकलेला! "अहो, इकडे बघा ना!" मी ओरडले. पण हे वाकलेलेच. मासुमीने गाडी चालू केली. मला फुकिएचा हात सोडावा लागला. गाडी वळणावरून गेली, मागून बस गेली, आणि तरी हे कडेला मान खाली घालून उभे. बसच्या खिडकीतून लोक बघत होते.

फुकिए त्यानंतर मिनोउराला आली नाही. त्याच वर्षी थंडीत ती हिमेजीलाच वारली. ताप आला, छातीत उतरला, आणि गेली.

एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी आटोपल्यावर इसोमुरा माझ्याकडे आले. केस मानेवर आले होते. खुर्चीत बसले आणि त्रास द्यायला आलो वगैरे काही म्हणाले नाहीत. मी गळ्याभोवती कापड बांधलं. पाण्याचा फवारा मारला. मानेवरचे केस कापायला घेतले.

मग आरशात माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "मित्सुयो-सान, त्या दिवशी गाडीत ती काही म्हणाली का?"

मला खोटं बोलता येत नाही, आणि त्या घडीला बोलायचंही नव्हतं. मी कात्री खाली ठेवली आणि सांगितलं, जसंच्या तसं. माझ्या घरी राहायचं होतं, म्हणाली.

आरशात त्यांच्या मागे ते रेलिंग दिसत होतं, आणि दोन नवी पोरं त्याच्यापाशी फोन उंच करून उभी होती.

"हो," ते म्हणाले. "मी ऐकलं होतं. म्हणूनच मान वर केली नाही."